वेग-अपस्करण : मापन आणि मर्यादा

दीर्घिकेतील ताऱ्यांच्या किंवा दीर्घिकासमूहातील दीर्घिकांच्या वेगांचे प्रमाण विचलन म्हणजे वेग-अपस्करण होय. त्याचे महत्त्व व मर्यादा प्रस्तुत टिपणात स्पष्ट केल्या आहेत.

समूहातील प्रत्येक दीर्घिकेचा वेग तिच्या वर्णरेषांच्या स्थानांतरावरून काढता येतो. दूरच्या दीर्घिकेतील तारे मात्र सुटे दिसत नाहीत. म्हणून एकत्रित वर्णरेषेची रुंदी मोजून तीतून उपकरणामुळे आलेली रुंदी वगळावी लागते.

गुरुत्वाने बद्ध व समतोल प्रणालीचे वस्तुमान हे त्रिज्या आणि अपस्करणाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधती केश तारकासमूहातील दीर्घिकासमूहास हे तत्त्व लावले. दृश्य द्रव्यानुसार अपेक्षित अपस्करण सेकंदास सुमारे ८० किलोमीटर होते. प्रत्यक्षात ते १,००० च्या घरात आढळले. यातूनच कृष्णद्रव्याचे अनुमान निघाले.

तथापि मोजला जातो तो केवळ दृष्टिरेषेवरील वेग. सर्व दिशांतील गती समान मानली, तरच त्याच्या अपस्करणाच्या वर्गाची तिप्पट करणे योग्य ठरते. अपस्करणातील १० टक्के चूक वस्तुमानात सुमारे २० टक्के होते. समूहाबाहेरील एखादी दीर्घिका चुकून गणली गेली, तरी अपस्करण फुगते. म्हणूनच अपस्करणाच्या आकड्यासोबत घटकांची संख्या व निवडीचा निकष नोंदविणे अनिवार्य आहे.