गाडी खाली घ्यायची, पण किती? लोअरिंग स्प्रिंगचं साधं गणित

होस्टेलवर रात्री अकरानंतर ज्या चर्चा रंगतात त्यात क्रिकेट आणि कॅम्पसनंतर नंबर लागतो गाड्यांचा. गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, "यार, गाडी थोडी खाली घेतली ना, की लूकच बदलतो!" खरं आहे, बदलतो. पण सस्पेन्शनमध्ये आणखी बऱ्याच गोष्टी बदलतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. या लेखात त्याच गोष्टींचा हिशोब मांडतो.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हटलं की गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म किंवा दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली अवंती आठवते. पण आमच्या मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात स्पोर्ट्स कार म्हणजे सेकंडहँड घेतलेली पोलो जीटी, स्विफ्ट, नाहीतर कोणी जपून ठेवलेली पालिओ १.६. हीच गाडी रविवारी समृद्धी महामार्गावर जाते, सोमवारी बाजारात, आणि गरज पडली तर घरच्या चौघांना घेऊन अकोल्याला दवाखान्यातही. म्हणून स्प्रिंग निवडताना ही सगळी कामं डोळ्यांसमोर ठेवायला हवीत.

रस्ता असा का?

वाशिम जिल्ह्याची काळी माती कपाशी-सोयाबीनला उत्तम, पण रस्त्याला त्रासदायक. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया नीट तयार केलेला नसेल तर वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं आणि रस्त्यावर लांब लाटा तयार होतात. शेलूबाजारजवळून जाणाऱ्या समृद्धीचं काँक्रीट वेगळं, आणि तिथून उतरून गावाकडे येणारा रस्ता वेगळा. स्प्रिंग या दुसऱ्या रस्त्यासाठी निवडायची असते.

आता आकडे

सोयीसाठी एक गाडी धरू. एकटा ड्रायव्हर असताना एका चाकावरचं वजन २४० किलो, चाकापाशी मोजलेला स्टिफनेस २० न्यूटन प्रति मिमी, आणि चाकाला बंप स्टॉपच्या रबराला टेकेपर्यंत वर जायला ८० मिमी जागा. या गाडीची नैसर्गिक वारंवारता येते सुमारे १.४५ हर्ट्झ. रोजच्या गाडीला १ ते १.५ हर्ट्झ आरामदायक वाटतं, म्हणजे आपली गाडी ठीक आहे.

एखाद्या खड्ड्यात चाक पूर्ण ८० मिमी वर गेलं तर स्प्रिंग किती ऊर्जा पोटात घेते? अर्धा गुणिले स्टिफनेस गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे ६४ ज्यूल. (डॅम्पिंग तूर्त बाजूला ठेवू.) आता गाडी ३० मिमी खाली घेतली. जागा उरली ५० मिमी. तोच खड्डा, तीच ऊर्जा, पण अंतर कमी. म्हणजे स्टिफनेस ८० भागिले ५० याच्या वर्गाइतका, २.५६ पट हवा! स्प्रिंग झाली ५१ न्यूटन प्रति मिमीची आणि वारंवारता गेली २.३ हर्ट्झवर. ही गुळगुळीत ट्रॅकवरच्या गाडीची स्प्रिंग झाली. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीला नियमाने वरच्या दिशेने किमान २५ मिमी हालचाल असली तरी चालते, कारण तिला मंगरूळपीर-वाशिम रस्ता बघायचाच नसतो.

तीच गाडी फक्त १५ मिमी खाली घेतली तर स्टिफनेस दीडपट, म्हणजे साधारण ३० न्यूटन प्रति मिमी, आणि वारंवारता १.८ हर्ट्झ. कडक लागेल, पण रोज चालवता येईल. खाली घेण्याची उंची दुप्पट केली की किंमत दुपटीपेक्षा बरीच जास्त मोजावी लागते, कारण मध्ये वर्ग आहे.

चौघं बसल्यावर

बाजारातल्या बऱ्याच लोअरिंग स्प्रिंग उंची जास्त कमी करतात आणि स्टिफनेस थोडाच वाढवतात, कारण गिऱ्हाईकाला कडकपणा नको असतो. समजा ३० मिमी खाली आणि स्टिफनेस २६. आता गाडीत आणखी चौघं आणि सामान मिळून २८० किलो चढले, सरासरी प्रत्येक चाकावर ७० किलो. गाडी अजून २६ मिमी बसली. ८० मधून ३० गेले, २६ गेले, उरले फक्त २४ मिमी. मागच्या चाकांवर तर वजन सरासरीपेक्षा जास्तच येतं. वळणात अशा गाडीचं चाक बंप स्टॉपवर आदळलं की त्या चाकाचा स्टिफनेस एकदम कितीतरी पट होतो, टायरची पकड सुटते आणि गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. गाडी खाली घेतल्याने ती रस्त्याला चिकटून चालते हा समज या ठिकाणी उलटा पडतो.

स्पीड ब्रेकरचंही तसंच. १९८८ च्या आयआरसी ९९ मध्ये गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा सांगितला आहे. त्यावर २.४५ मीटर व्हीलबेसची गाडी मधोमध उभी राहिली तर पोटाखालची जागा फक्त ४४ मिमी कमी होते. पण गल्लीत लोकांनी स्वतः टाकलेला १२० मिमी उंच, मीटरभर रुंद ब्रेकर दोन चाकांच्या मध्ये येतो आणि पूर्ण १२० मिमी खातो. मूळ ग्राउंड क्लिअरन्स १६५ धरला तर पाच जणांसह कंपनीच्या स्प्रिंगवर उरतात १३१, १५ मिमीच्या किटवर १२७, आणि वरच्या ३० मिमीच्या किटवर १०९. तिसऱ्या गाडीचा चेंबर घासणार!

वेटोळं कापणाऱ्यांसाठी

थर्ड इयरचं सूत्र आठवा. स्प्रिंगचा स्टिफनेस तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने घटतो आणि वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहापैकी एक वेटोळं कापलं तर स्टिफनेस वाढतो फक्त २० टक्के. गाडी मात्र त्या वेटोळ्याच्या भाराखालच्या उंचीइतकी, समजा ३५ मिमी, खाली बसते. तेवढ्या उंचीला स्टिफनेस तिप्पट हवा होता! वर कापलेलं टोक सीटवर नीट बसत नाही आणि चाक हवेत लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणं तर त्याहून वाईट. त्यात पोलादाचं टेम्परिंगच जातं आणि स्प्रिंग पुढे बसतच राहते.

निवडायची कशी?

पहिलं, मोजा. शॉकपच्या दांड्यावर रबरी रिंग किंवा प्लास्टिकची पट्टी घट्ट बसवा, चौघांना घेऊन नेहमीच्या रस्त्याने जाऊन या. रिंग जिथे सरकली तिथपर्यंत तुमचं सस्पेन्शन वापरलं गेलं. उरलेली जागा हीच तुमची खरी शिल्लक. शिल्लक नसेल तर विषय तिथेच थांबवा.

दुसरं, दुकानदाराला "किती खाली?" इतकंच विचारू नका. स्टिफनेस किती, हेही विचारा. उत्तर मिळत नसेल तर ती स्प्रिंग घेऊ नका.

तिसरं, शॉकप. स्टिफनेस दीडपट झाला तर डॅम्पिंग साधारण १.२ पट लागतं. नाहीतर काळ्या मातीच्या लाटांवर गाडी होडीसारखी डुलते. १३ मीटर अंतरावरच्या लाटा ताशी ७० किलोमीटर वेगाने ओलांडल्या की सेकंदाला दीड झटका बसतो, म्हणजे आपल्या मूळ गाडीची जवळपास नैसर्गिक वारंवारताच. स्प्रिंग कडक केल्याने हा वेग ताशी ८४ च्या आसपास सरकतो, नाहीसा होत नाही. डुलणं थांबवतो तो शॉकपच.

चौथं, स्प्रिंग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन तपासून घ्या. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म वरच्या दिशेने कलू लागला तर रोल सेंटर फार खाली जातं आणि वळणात गाडी उलट जास्त कलू शकते.

पाचवं, कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. म्हणून खरेदीआधी वाशिमच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

थोडक्यात, आपल्या भागातल्या रोजच्या गाडीसाठी १५ मिमी, फार तर २०, आणि तेही जुळणाऱ्या शॉकपसकट. बजेट तेवढं नसेल तर आधी चांगले टायर आणि नवे शॉकप घ्या, स्प्रिंग कंपनीचीच राहू द्या. वरच्या गणितात आपापल्या गाडीचे आकडे टाकून बघा आणि मगच गॅरेजला फोन करा!