फळ्या नव्या, पण खालची जमीन?



चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेआधी तेथील एका घरी गेलो होतो. वर्षाचे धान ठेवायच्या खोलीत पाय ठेवताच फळ्या खचत होत्या. पाहुणे येण्यापूर्वी नव्या बसवायची घाई होती. "साहेब, सागवानाच्या फळ्या आनल्या, आता ठोकाच्याच बाकी हायेत," घरधनी म्हणाले.

एक जुनी फळी उचलली. वरून धड, खालून चाळणी. तिच्याखालची तुळई तर सुरीचे टोक टेकताच भुसभुशीत लागली.

लक्षात ठेवा, फळी बहुधा खालून मरते. ओलीने ती कुजते आणि त्याच ओलीच्या आधाराने उधई मातीच्या नळ्या बांधत वर चढते. खालचे दुखणे न काढता वर नवी फळी ठोकणे म्हणजे उधईला पुन्हा पान वाढणे.

आधी ओल शोधा. मोकळ्या केलेल्या जमिनीवर हातभर प्लास्टिक पसरून कडा मातीने दाबा. दुसऱ्या दिवशी त्याखाली थेंब दिसले, तर जमिनीतून ओल येत आहे. न्हाणीचे व पागोळ्यांचे पाणी चर काढून घरापासून दूर लावा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांनी फळ्या उचलून पाहाव्यातच.

मग उधईची माती खरवडून बाहेर टाका. कोरडा मुरूम पसरून चोपा, वर जाड प्लास्टिक अंथरा. पोखरलेली तुळई बदला. फक्त टोक कुजले असेल, तर शाबूत लाकडापर्यंत कापून नवा तुकडा जोडा व सांध्याखाली विटांचा खांब द्या. तुळया मातीवर नकोत, विटांच्या ठोकळ्यांवर ठेवा. मध्ये डांबरी कागद घाला. पाणसळ लावून सर्व तुळया एका पातळीत आणा. समोरासमोरच्या भिंतींत फळ्यांखाली झरोके ठेवून त्यांना बारीक जाळी बसवा, म्हणजे वारा खेळेल आणि उंदीर शिरणार नाही.

बीएचसी पावडर पूर्वी सर्रास वापरत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. कोणी जुना डबा काढून दिला तरी घेऊ नका. धानाच्या खोलीत मनाने कोणतेही औषध मारू नका. आधी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

सागवानातही निवड करा. गडद गाभ्याचे लाकूड उधईला दाद देत नाही, कडेचे पांढरे लाकूड मात्र ती खाते. लाकडाची पावती व वाहतुकीचा पास जपून ठेवा.

त्या घरधन्यांनी ऐकले. यात्रेचे पाहुणे पडवीत झोपले, धानाची पोती शेजाऱ्याच्या ओसरीवर गेली. जमीन सुकून फळ्या बसायला चैत्र उजाडला. पावसाळा सरल्यावर मी पुन्हा गेलो. घरधनिणीने स्वतःच कोपऱ्यातली फळी उचलून दाखवली. खाली हात फिरवला, तो कोरडाच निघाला.