पदपथावरील द्रव्यवाटिका आणि पक्ष्यांचा वाटा

आसवारिष्टांच्या संधानासाठी धातकीपुष्पे न लागणारी औषधनिर्माणशाळा विरळाच. परंतु ज्या फुलांची पोती आपण तोलून घेतो, त्यांच्याच मधुरसावर शिंजीर पक्षी येतात, हे सहसा ध्यानात येत नाही. फूल खुडले की पक्ष्याचा घास जातो आणि त्यातून होणारे बीजही जाते. वनातून घेतलेल्या या वाट्याची अल्पशी परतफेड दवाखान्यासमोरील पदपथाच्या कडेला, दोन हात रुंदीच्या पट्टीत करता येईल.

नगरपरिषदेची अनुमती घेऊन, पादचाऱ्यांची वाट मोकळी ठेवून, मृगाच्या पावसात लागवड करावी. वाशीमच्या काळ्या जमिनीत पाणी साचते. म्हणून मुरूम व शेणखत मिसळून वाफा थोडा उंच घ्यावा. विजेच्या तारांखाली धायटी, मुरुडशेंग, अडुळसा व निर्गुडी ही झुडपेच योग्य. मुरुडशेंगेची फुले पावसाळ्यात येतात, धायटी हिवाळ्याअखेरीस बहरते. त्यामुळे दोन्ही ऋतूंत शिंजिराला मधुरस लाभतो. अडुळशाच्या फुलांवर भुंगे येतात.

उंबर, वड व पिंपळ मात्र भिंतीलगत किंवा गटाराशेजारी लावू नयेत. त्यांची मुळे बांधकाम फोडतात. तलावाकाठी अथवा मोकळ्या मैदानात त्यांना स्थान द्यावे. पंचवल्कलातील या वृक्षांची फळे तांबट, बुलबुल, कोकिळ आणि आपला राज्यपक्षी हरियाल आवडीने खातात. चंदनाची बीजेही पक्षीच दूरवर नेतात. म्हणजे आपल्या द्रव्यभांडाराचे बिनवेतनी माळी तेच! मादागास्करहून आलेला गुलमोहर शोभा देतो, परंतु फळे खाणाऱ्या पक्ष्यांसाठी त्याच्या कठीण शेंगांत काहीच नसते.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. या वाटिकेतील पान, फूल वा साल औषधासाठी घेऊ नये. वारूळ, स्मशान अशा दूषित स्थानी उगवलेली द्रव्ये सुश्रुतसंहितेने वर्ज्य मानली आहेत; वाहनांच्या धुराने व धुळीने माखलेल्या पानांना तोच न्याय लावणे उचित ठरेल. कीटकनाशकही फवारू नये, कारण पिलांना भरवण्यासाठी पक्षी तेथूनच किडे वेचतात.

प्रत्येक झुडपाजवळ संस्कृत व मराठी नावाची पाटी असावी. रुग्णांना द्रव्याची ओळख होईल, विद्यार्थ्यांचा अभ्यास होईल. फुले मात्र झाडावरच राहोत. तो वाटा आपला नव्हे.