'कॉस्ट डाऊन'चा अर्थ सहीआधी विचारा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत आपल्या समाजातील कितीतरी कारागीर लेथ, ड्रिल, वेल्डिंगची छोटी वर्कशॉप चालवितात. हात तयार आहेत, माल चोख आहे. घोडे अडते ते कागदापाशी.

आमच्या परिचयाच्या एका टर्नर भाईंना एका कंपनीची ३ वर्षांची ऑर्डर मिळाली. तीत 'ॲन्युअल कॉस्ट डाऊन ५ पर्सेंट' असे लिहिले होते. कंपनी आपला खर्च कमी करून देणार, असे समजून भाईंनी सही केली. वर्षभराने नगाचा दरच कापला गेला, तेव्हा तो कागद घेऊन ते आमच्याकडे आले. हिशेब साधा आहे. १०० रुपयांचा नग दुसऱ्या वर्षी ९५ रुपयांवर आणि तिसऱ्या वर्षी ९० रुपये २५ पैशांवर येतो. पोलाद, वीज, मजुरी मात्र वाढतच जाते.

गंमत अशी की, हा शब्द इंग्रजी दिसत असला तरी घडला जपानी कारखान्यांत. तेथे त्याला 'कोसुतो दाउन' म्हणतात. इंग्रजीचे तुकडे जोडून असे शब्द घडविण्याला जपानीत 'वासेइ एइगो', म्हणजे जपानी बनावटीची इंग्रजी, असे नावच आहे. मोटारउद्योगाच्या वाटेने 'कॉस्ट डाऊन' आपल्याकडे आला. १९९० नंतरच्या मंदीत जपानी कंपन्यांनी माणसे कमी केली, तेव्हा 'रिस्ट्रक्चरिंग'चे 'रिसुतोरा' झाले आणि लोकांनी त्याचा अर्थ ओळखला : नोकरीवरून काढणे. परका शब्द कटू गोष्ट गोड करून सांगतो, हे तेथेही खरे ठरले.

पण त्याच जपानचे दुसरे उदाहरणही पाहावे. चूक होऊच नये अशा जोडणीला तेथे पूर्वी 'बाका-योके', म्हणजे मूर्खांसाठीची तजवीज, म्हणत. त्याने कामगारांचे मन दुखावते हे पाहून शिगेओ शिंगो यांनी 'पोका-योके', म्हणजे चूक टाळणे, हा शब्द रूढ केला. आज तो नाशिकच्या कारखान्यांतही ऐकू येतो. कामगाराच्या मानासाठी शब्द बदलता येतो, तर लहान कारखानदाराला त्याचा अर्थ विचारण्यात कसली लाज?

तेव्हा वाचक बंधूंनो, 'कॉस्ट डाऊन', 'रिजेक्शन', 'डेबिट नोट', '९० डेज क्रेडिट' यांपैकी एकही शब्द अर्थ न विचारता स्वीकारू नका. विचारलेला अर्थ लेखी घ्या. आपल्या वर्कशॉपची 'उद्यम' नोंदणी करून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर लघुउद्योजकाच्या पैशाची मुदत माल पोहोचल्या दिवसापासून मोजतात. करारात ९० दिवस लिहिले असले तरी ती ४५ दिवसांपलीकडे जात नाही.

उस्ताद शागीर्दाला मायक्रोमीटर वाचायला शिकवितो. त्याच्याबरोबर ऑर्डरचा कागद वाचायलाही शिकवावे, असे आम्हाला वाटते.