बरोबरीचा हक्क आणि भरपाई : व्यावसायिक खेळाडूंच्या वेतनाचा एक प्रश्न

जानेवारी २०१८ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात, डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणे ह्या फलंदाजावर शेवटची बोली पंजाबच्या संघाने लावली. ती ४ कोटी रुपयांची होती. तरीही रहाणे पंजाबकडे गेला नाही. राजस्थानच्या संघाने आपल्या जुन्या खेळाडूविषयी असलेला 'राइट टू मॅच' हा हक्क बजावला आणि तेवढ्याच रकमेला त्याला परत घेतले. अशा हक्काला येथे 'बरोबरीचा हक्क' म्हटले आहे. परक्याने ठरविलेली किंमत देऊन माणूस आपल्याकडेच ठेवण्याची ही मुभा क्रिकेटप्रेमींना आता परिचयाची झाली आहे; प्रो कबड्डीच्या लिलावांतही ती 'फायनल बिड मॅच' ह्या नावाने आढळते. परंतु ह्या मुभेचा खेळाडूच्या वेतनावर नेमका काय परिणाम होतो, ह्याचा विचार क्वचितच होतो. तो करावयाचा तर उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीकडे वळणे सोयीचे ठरते. कारण तेथे ह्याच हक्काला भरपाईची जोड दिलेली आहे आणि त्यामुळे त्याचे अंतरंग अधिक स्पष्ट दिसते.

नॅशनल हॉकी लीगमध्ये नवख्या खेळाडूचा पहिला करार संपला, म्हणजे तो लगेच मोकळा होतो असे नाही. साधारणतः वयाची २७ वर्षे अथवा लीगमधील ७ हंगाम पूर्ण होईपर्यंत तो 'मर्यादित मुक्त' ह्या वर्गात मोडतो. मूळ क्लबने त्याला नियमात सांगितलेला किमान देकार दिला की त्याच्यावरील क्लबचा हक्क शाबूत राहतो. ह्या काळात दुसऱ्या क्लबला तो हवा असल्यास त्याने वेतन, मुदत आणि इतर अटी नमूद केलेले एक लेखी देकार-पत्र द्यावयाचे आणि खेळाडूने त्यावर सही करावयाची. ह्याच पत्राला तेथे 'ऑफर शीट' म्हणतात. त्यानंतर मूळ क्लबला ७ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्या अवधीत त्याने तंतोतंत त्याच अटी मान्य केल्या तर खेळाडू जुन्या क्लबातच राहतो, आणि एक वर्षपर्यंत त्याला अन्यत्र देता येत नाही. मान्य न केल्यास खेळाडू जातो. मात्र जाताना नव्या क्लबाला भरपाई द्यावी लागते.

ही भरपाई रोख नसते. तेथे होतकरू खेळाडूंची वाटणी दरवर्षी 'ड्राफ्ट' नावाच्या क्रमवार निवडीने होते आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक क्लबाला निवडीचा एकेक हक्क असतो. भरपाई द्यावयाची ती ह्या भावी निवड-हक्कांच्या रूपाने. देकारातील वार्षिक वेतनाचे टप्पे पाडलेले आहेत. सर्वांत खालच्या टप्प्यात काहीच द्यावे लागत नाही. मग तिसऱ्या फेरीचा एक हक्क, त्यावर दुसऱ्या फेरीचा एक, असे करीत सर्वांत वरच्या टप्प्यात पहिल्या फेरीचे चार हक्क द्यावे लागतात. शिवाय हे हक्क क्लबाचे स्वतःचे असावे लागतात. दुसऱ्याकडून मिळविलेले चालत नाहीत.

ऑगस्ट २०२४ मधील उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. सेंट लुईसच्या क्लबाने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे ह्या दोन तरुण खेळाडूंना एकाच वेळी देकार-पत्रे दिली. त्यापूर्वी त्याने पिट्सबर्गकडे गेलेला आपला दुसऱ्या फेरीचा हक्क परत मिळविला होता. ब्रोबर्गचे वार्षिक वेतन ४५,८०,९१७ डॉलर आणि हॉलोवेचे २२,९०,४५७ डॉलर ठरविण्यात आले. हे विचित्र आकडे आले कोठून? त्या वर्षीच्या कोष्टकात दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या भरपाईच्या टप्प्यांची वरची मर्यादा नेमकी हीच होती. आणखी एक डॉलर वाढविला असता तर भरपाई एकदम एक पायरी वर गेली असती. वेतन-मर्यादेच्या काठावर असलेल्या एडमंटनला बरोबरी करणे परवडले नाही. दोन्ही खेळाडू गेले आणि त्यांच्या बदल्यात २०२५ च्या दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचा प्रत्येकी एक हक्क त्याला मिळाला. खेळाडूचे वेतन त्याच्या खेळाने नव्हे तर कोष्टकातील रेघेने ठरले, असे म्हणावयास येथे हरकत नाही.

भरपाई हा खेळाडूच्या स्थलांतरात अडसर आहे, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अपुरे आहे. समजा, एका खेळाडूचे मोल परक्या क्लबाला ६० लाख डॉलर वाटते, मूळ क्लबाला ५० लाख वाटते आणि भरपाईच्या निवड-हक्कांचे मोल दोघांच्याही लेखी १५ लाख आहे. भरपाई नसती तर मूळ क्लबाने ५० लाखांपर्यंत बरोबरी केली असती आणि खेळाडू त्याहून किंचित अधिक वेतनावर परक्याकडे गेला असता. भरपाई असताना मूळ क्लबाचा हिशेब बदलतो. खेळाडू सोडल्यास १५ लाखांची प्राप्ती असल्यामुळे वेतन ३५ लाखांपलीकडे गेले की त्याला सोडणेच फायद्याचे ठरते. परका क्लबही १५ लाख वजा करूनच बोलतो. त्याची मजल ४५ लाखांपर्यंत. खेळाडू जातो तो परक्याकडेच, पण ३५ लाखांहून थोड्या अधिक वेतनावर. म्हणजे भरपाईचा भार नावापुरता नव्या क्लबावर आणि वस्तुतः खेळाडूवर पडतो. दोघांनी हक्कांचे मोल वेगवेगळे धरले तर उत्तर काहीसे बदलेल, परंतु भाराची दिशा बदलणार नाही.

अडसर येतो तो भरपाईपेक्षा बरोबरीच्या हक्कामुळे. खेळाडूची दुखापत, सवयी, स्वभाव ह्यांची माहिती मूळ क्लबाला अधिक असते. त्याने बरोबरी केली तर परक्याचे श्रम फुकट. न केली तर आपण किंमत जास्त दिली की काय, ही शंका. दोन्हीकडून नुकसानच दिसत असेल तर देकार देण्याच्या भानगडीत कोण पडणार? २०१२ साली फिलाडेल्फियाने नॅशव्हिलच्या शे वेबरला १४ वर्षांचा ११ कोटी डॉलरांचा देकार दिला. नॅशव्हिलने तो मान्य करून वेबरला ठेवून घेतले. फेब्रुवारी २०१३ नंतर जुलै २०१९ पर्यंत एकही देकार-पत्र निघाले नाही. शिवाय परस्परांच्या सूडाचेही भय असते. २०१९ मध्ये माँट्रियलने कॅरोलायनाच्या सेबास्टियन आहोला देकार दिला व तो फसला. दोनच वर्षांनी कॅरोलायनाने माँट्रियलचा येस्पेरी कोत्कानिएमी ह्याला देकार देऊन नेले.

भरपाईचे कोष्टक नसते तर काय होते, ह्याचेही उदाहरण त्या खेळाच्या इतिहासात आहे. १९९१ मध्ये सेंट लुईसने न्यू जर्सीच्या ब्रेंडन शॅनहनला करारबद्ध केले. भरपाईविषयी एकमत न झाल्यामुळे प्रकरण लवादाकडे गेले आणि लवादाने स्कॉट स्टीव्हन्स हा नामांकित बचावपटू न्यू जर्सीला बहाल केला. हाच स्टीव्हन्स एक वर्षापूर्वी सेंट लुईसने पहिल्या फेरीच्या पाच हक्कांची भरपाई पत्करून वॉशिंग्टनकडून आणला होता. ज्याने कोणताही नवा करार मागितला नव्हता, त्याचीच बदली दुसऱ्याच्या कराराची भरपाई म्हणून झाली.

आता पुन्हा भारतीय लिलावाकडे. २०१८ च्या नियमानुसार मूळ संघाने मौन पाळावे, इतरांना आपसांत चढाओढ करू द्यावी आणि शेवटी हक्क बजावावा, हे शक्य होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात त्यात महत्त्वाचा फेरफार झाला. मूळ संघाने हक्क बजावण्याची इच्छा दर्शविल्यावर सर्वोच्च बोली लावणाऱ्याला एकदा, वाटेल तेवढी, रक्कम वाढविण्याची संधी मिळाली आणि बरोबरी करावयाची ती त्या वाढीव रकमेशी. अर्शदीप सिंगवर हैदराबादची बोली १५.७५ कोटींची होती. ती १८ कोटींवर गेली आणि पंजाबने ती मान्य केली. ऋषभ पंतच्या बाबतीत लखनौने २०.७५ कोटींवरून एकदम २७ कोटींवर उडी घेतली आणि दिल्लीने माघार घेतली. दोन्ही प्रसंगी वाढीव रक्कम खेळाडूच्याच पदरी पडली.

मात्र ह्या पद्धतीत खेळाडू गमावणाऱ्या संघाला भरपाई नाही, आणि हक्कांची संख्या मोजकी आहे. कल्याणचा तुषार देशपांडे ह्याला चेन्नईने २०२२ च्या लिलावात २० लाखांना घेतले होते. २०२३ च्या हंगामात त्याने २१ बळी मिळविले आणि २०२४ मध्ये १७. पुढचा मोठा लिलाव येईपर्यंत त्याच्यावर खुली बोली लागण्याचा प्रश्नच नव्हता. २०२४ मध्ये पाच खेळाडू आधीच राखल्यामुळे चेन्नईकडे एकच हक्क उरला होता आणि तो पहिल्याच दिवशी रचिन रवींद्रवर खर्च झाला. दुसऱ्या दिवशी राजस्थानने देशपांडेला ६.५० कोटींना घेतले. चेन्नईला बदल्यात काहीही मिळाले नाही. देशपांडेच्या किमतीतूनही भरपाईपोटी काही वजा झाले नाही. हॉकीतील नियम येथे असता तर चेन्नईला काही मिळाले असते, आणि वरील हिशेबाप्रमाणे ते बव्हंशी देशपांडेच्या वेतनातूनच आले असते. संघ बदलताना मोबदला मिळण्याचा मार्ग इंडियन प्रीमियर लीगमध्ये आहे, पण तो संघांच्या परस्पर संमतीच्या अदलाबदलीचा. २०१९ च्या अखेरीस रहाणे राजस्थानहून दिल्लीकडे गेला तेव्हा मयांक मार्कंडे आणि राहुल तेवतिया हे राजस्थानला मिळाले.

भरपाईच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की, ज्याने खेळाडू घडविला त्याला त्याचे फळ मिळावे. परंतु हॉकीच्या कोष्टकातून ते फळ मिळते ते शेवटच्या मालकाला. घडविणारा बहुधा वेगळाच असतो. रहाणेचे प्रारंभीचे शिक्षण डोंबिवलीतील मॅटिंगच्या खेळपट्टीवर झाले. देशपांडेसारखे ठाणे जिल्ह्यातील कितीतरी खेळाडू पुढील तयारीसाठी लोकलने मुंबईची मैदाने गाठतात. लिलावाच्या रकमेत अशा शिबिरांचा किंवा क्लबांचा वाटा धरलेला नसतो. फुटबॉलमध्ये मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनी तशी तरतूद केली आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबात गेला, तर हस्तांतर-रकमेचे ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांच्या दरम्यान शिकविणाऱ्या क्लबांत वाटले जातात. ही रक्कम दोन क्लबांमधील हस्तांतर-रकमेतून जाते, खेळाडूच्या वेतनातून नव्हे; आणि लिलावात हस्तांतर-रक्कम अशी वेगळी नसतेच, तेथे बोलीचा आकडा हेच वेतन असते.