आयोडीनची भूक

लेकरांनो, करमाडच्या रुळांवरून रात्री देवगिरी एक्स्प्रेस जाते ना, ती पोचते मुंबईला. तिथं परळला १९६३ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. त्या दवाखान्यात जे चालतं, त्याहून नवलाची गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. वजन जेमतेम वीसेक ग्रॅम, पण शरीरातलं बहुतेक आयोडीन एकट्या तिच्याकडं! मिठातलं आयोडीन रक्तात उतरलं की ती ते ओढून घेते, कारण त्याच्याशिवाय तिचं संप्रेरक बनतच नाही. तिला कर्करोग झाला तर डॉक्टर ती कापून काढतात. पण काही पेशी आधीच निसटलेल्या असतात. कुणी फुप्फुसात जाऊन बसते, कुणी हाडात. सुरीला त्या सापडायच्या नाहीत. मात्र घर सुटलं तरी त्यांतल्या बहुतेकींचं खाणं सुटत नाही. फुप्फुसात बसूनही त्या आयोडीनच मागतात.

बोस्टनच्या सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरनं १९३६ मध्ये एक व्याख्यान ऐकलं आणि विचारलं, आयोडीन किरणोत्सारी करता येईल का? केवढा प्रश्न होता तो! १९४१ मध्ये त्यानं तसं आयोडीन पहिल्या रुग्णाला दिलं. त्या रुग्णाला कर्करोग नव्हता, थायरॉइड फार जोरात चालत होती. कर्करोगावरचा उपाय त्याच दशकात निघाला.

आपल्याकडं हे किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे आयोडीन-१३१, ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमपासून तयार करतात. ते द्यायच्या आधी रुग्णाचं आयोडीनचं मीठ काही दिवस बंद करतात. पेशी उपाशी हव्यात ना! मग एक गोळी गिळायची, बस्स. भुकेल्या पेशींना साधं आयोडीन आणि हे आयोडीन यांतला फरक कळत नाही. त्यातून गॅमा किरण निघतात, ते शरीर भेदून बाहेर येतात आणि कॅमेऱ्यात पेशींचा ठावठिकाणा उमटतो. बीटा कण मात्र एक-दोन मिलिमीटरच जातात, आणि तेवढ्यात ती पेशी मारतात. शोधणारा आणि मारणारा एकच!

“मग तो माणूस अंधारात चमकतो का, आजोबा?”

नाही गं बाई. दिसत काहीच नाही. पण त्याच्या अंगातून किरण येत असतात, म्हणून थोडे दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. तुमच्यासारखी लेकरं आणि गरोदर बाया यांना जवळ जाऊ देत नाहीत. आठ दिवसांत आयोडीनचा जोर निम्मा होतो, पुढच्या आठांत त्याच्याही निम्मा. शिवाय लघवीवाटे पुष्कळसं निघून जातं.

आता, सगळ्याच गाठींना आयोडीन लागत नाही. आतड्यातल्या आणि स्वादुपिंडातल्या काही गाठींच्या पेशींवर एका संप्रेरकाला धरणारे रेणू असतात. शास्त्रज्ञांनी त्या संप्रेरकासारखाच एक छोटा रेणू बनवला आणि त्याला किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडलं. ते ६८ मिनिटांत निम्मं होतं, तेवढ्यात फोटो निघतो. गाठ दिसली की जवळजवळ तसाच रेणू पुन्हा टोचतात, पण या खेपेला ल्युटेशियम-१७७ जोडून. तेही ध्रुवमध्येच बनलेलं असतं, आणि जिथं चिकटेल तिथल्या पेशी जाळतं. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीही आता याच रीतीनं, वेगळा रेणू घेऊन उपचार होतात. आणि गॅलियमच्या फोटोत गाठ उजळलीच नाही, तर डॉक्टर ल्युटेशियम देतच नाहीत.