हरलेल्याची तकरीर

सातारा आणि सांगलीकडच्या गावांत जमिनीचा वाद नाही असं घर शोधून सापडणं अवघड. बांध, वाट, पाटाचं पाणी, भावकीतली वाटणी, कुळाचा हक्क, काही ना काही असतंच. या वादांचे कागद वकिलाच्या कामाचे, बाकी कुणाच्या नाहीत, अशी आपली समजूत. पण गेल्या चारशे वर्षांत इथल्या कुणब्याचं, बलुतेदाराचं, नवऱ्यामागे वतन राखणाऱ्या बाईचं बोलणं कुठे लिहून ठेवलं गेलं असेल, तर ते याच कागदांत. बखरींत त्यांना जागा नव्हती. तंट्यात मात्र त्यांना विचारावंच लागे, कारण शेत कुणाचं हे त्यांनाच ठाऊक असे.

मसूरचंच बघा. कराडजवळच्या या गावच्या पाटीलकीवरून नरसोजी जगदाळे आणि बापाजी मुसलमान यांच्यात 1611 च्या सुमारास तंटा पेटला. मुलूख आदिलशाहीचा, वादातला एक पक्ष मुसलमान, आणि प्रकरण गेलं ते गोदाकाठच्या पैठणला. तिथल्या ब्राह्मणसभेने मिताक्षरा या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा आधार घेऊन जगदाळ्यांच्या बाजूने निवाडा दिला. धर्म, राज्य आणि कायदा यांच्याविषयी आपण जे सरळसोट चौकोन आखून बसलो आहोत, त्यात हे प्रकरण बसत नाही. वतन ही वारशाने चालणारी मालमत्ता होती आणि वारशाचा कायदा त्या वेळच्या लोकांना कुठून मान्य होता, हे या एका तंट्यातून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्याही फर्मानातून होत नाही.

अशा तंट्यांचं काम कसं चाले, ते समजून घेतल्याशिवाय कागद वाचता येत नाहीत. दावा सांगणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांनीही आधी राजीनामा लिहून द्यायचा, म्हणजे निवाडा होईल तो मान्य करू असं कबूल करायचं, आणि जामीन द्यायचा. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या. पुढे जुने कागद, साक्षीदार, शेजारच्या गावचे पाटील-कुलकर्णी, सगळं गोत. स्थानिक गोतावर भरवसा नसेल तर पक्षकार दुसरं थळ मागे. शेवटी निवाडपत्र किंवा महजर. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी, शिवाय दावा सोडल्याचं येजितखत लिहून द्यायचं. कागदाने आणि साक्षीने उलगडा झाला नाही तर दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा ते रवादिव्य. कृष्णेच्या पाण्यात उभं करून साक्ष घेण्याची चालही होती. 

महजराचा शेवट मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हजीर मजालसीत, म्हणजे निवाड्याच्या सभेत, कोण कोण बसलं होतं त्याची यादी तिथे असते आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपल्या कामाचं हत्यार निशाणी म्हणून काढलेलं असतं. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, कुंभाराचं चाक, परटाची मोगरी. मोडीच्या अखंड ओळींखाली ही छोटी चित्रं दिसली, की गावच्या जमिनीचा निकाल लागताना बलुतेदारही साक्षीला उभे होते हे डोळ्यांनी बघता येतं. गावची शीव दाखवायचं काम तर महाराचं. हद्दीच्या तंट्यात त्याच्या शब्दाला मोठं वजन होतं, आणि त्याच महाराला गावात वेशीबाहेर ठेवलं होतं, हेही त्याच कागदांच्या संदर्भाने वाचायला हवं.

हे कागद आपोआप टिकले नाहीत. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना वाईत जुनं दफ्तर सापडलं आणि त्यातून 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी मावजींबरोबर वतनपत्रं आणि निवाडपत्रं छापली. आणि या कागदांवरून मराठ्यांची न्यायपद्धती कशी होती याचा पद्धतशीर अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी केला. त्यांचा ग्रंथ 1953 चा, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा.

वाचताना सावध मात्र राहावं लागतं. बनावट महजर त्या काळीही होते आणि न्यायसभा शिक्का, मोर्तब, अक्षराचं वळण तपासूनच कागद ग्राह्य धरत. शिवाय निवाडपत्र बहुधा जिंकलेल्याच्या घरी जपलं गेलं. म्हणून निकालाची ओळ वाचून थांबू नये, त्यात उतरवलेली हरलेल्याची तकरीर वाचावी. दुष्काळात गाव सोडलं, माघारी आलो तो दुसऱ्याने शेत करून खाल्लं, असल्या कहाण्या तिथेच भेटतात. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणारा, गाव सोडून गेला तरी त्याचा हक्क किती वर्षं जिवंत धरायचा, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. उपरी, म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्या, कुळाचा आवाज मात्र फार क्वचित ऐकू येतो. त्याच्याकडे भांडण्याजोगा हक्कच नव्हता, म्हणून त्याचा कागदही नाही. कोर्टाच्या कागदांची ही मर्यादा अभ्यासकाने कधीच विसरू नये.

इंग्रजी अमलात कागदाचं रूप पालटलं. 1848 साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं, 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन सनदा तपासू लागलं, आणि ज्यांना जुना लेख दाखवता आला नाही त्यांची इनामं गेली. पुढे 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. रोख्यावरचा आकडा खरा न मानता मूळ व्यवहार कसा झाला हे खोदून काढायचं कर्तव्य या कायद्याने न्यायाधीशावर टाकलं. न्यायमूर्ती रानडे पुण्या-साताऱ्याच्या कोर्टांच्या देखरेखीवर होते ते याच कायद्याखाली. खरेदीखत नावाचं, आत गहाण. ही मुदत खरेदीची युक्ती किती घरांच्या जमिनी खाऊन गेली, ते या खटल्यांच्या जबान्यांतून उलगडतं. त्या जबान्या म्हणजे त्या काळच्या शेतकऱ्याचं, अडचणीत बोललेलं, आत्मचरित्र आहे असं मी मानतो.

आपल्या गावचे कागद शोधायचे तर आधी गाव पूर्वी कोणाच्या राज्यात होतं ते पाहा. आजचा सांगली जिल्हा 1949 साली दक्षिण सातारा म्हणून जन्मला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. वाळवा, तासगाव, खानापूर हे जुन्या सातारा जिल्ह्याचे तालुके. आटपाडी औंध संस्थानात, बुधगाव मिरज धाकट्या पातीचं, जत डफळ्यांचं. औंधात तर 1939 च्या राज्यघटनेने न्यायदानाचं कामही गावपंचायतीकडे दिलं होतं. राज्य बदललं की दफ्तराचं ठिकाण बदलतं, आणि चुकीच्या कचेरीत खेटे घालण्यात माणसाचा उत्साह संपतो.

त्यापुढचे कागद आपल्या पिढीच्या ओळखीचे: 1903 च्या कायद्याने आलेल्या हक्कनोंदी, फेरफार, कडईपत्रक, आणि 1 एप्रिल 1957 नंतरची कूळकायद्याची प्रकरणं. हीही उद्याची ऐतिहासिक साधनंच आहेत. मामलेदारापुढे कुळाने आपण किती वर्षं जमीन कसतो हे सांगितलं, ती जबानी मसूरच्या तकरिरीइतकीच मोलाची आहे.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून मोडी कागदांचं एखादं गाठोडं निघालं, तर ते रद्दीत देऊ नका आणि लॅमिनेशनही करू नका. कोरड्या कापडात बांधा, प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा पुराभिलेखागाराला कळवा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, आणि शिकवणारे वर्गही आहेत.